पेन्शनरची उशी

अच्युत खानझोडेने एकोणीस वर्षं लोकांचे चेहरे पाहिले नाहीत, पाय पाहिले. कारखान्याच्या अकरा नंबरच्या इमारतीत तोफगोळ्यांत दारू भरत, आणि त्या इमारतीच्या दाराशी गुडघ्याच्या उंचीवर एक लाल रंगाची फळी आडवी बसवलेली होती. तिला सगळे लाल पट्टी म्हणत. पट्टीवर बसायचं, बाहेरचे जोडे अलीकडे काढायचे, पाय उचलून पलीकडे टाकायचे, आणि तिथे मांडून ठेवलेले कारखान्याचे कापडी जोडे चढवायचे. बाहेरच्या जोड्याचा एखादा खिळा, नाहीतर तळव्याला चिकटलेला वाळूचा कण आतल्या फरशीवर घासला, तर काय झालं ते सांगायला मागे कोणी उरत नाही. म्हणून प्रत्येक पट्टीवर एक जुना, भरवशाचा माणूस ठेवलेला असे. अकरा नंबरच्या पट्टीवर अच्युत होता. सगळ्यांचे पाय तपासून झाले की तो सर्वांत शेवटी आत जाई आणि दारू तोलायच्या तराजूपाशी बसे.

या कामाचा त्याला गर्व होता आणि तो लपवायचा नाही. दिल्लीहून आलेल्या एका मोठ्या साहेबाला त्याने एकदा पट्टीवर बसवून बूट काढायला लावले होते. साहेबाच्या मोज्याला अंगठ्याशी भोक निघालं. ती गोष्ट पुढे दहा वर्षं सदर बाजारातल्या चहाच्या दुकानांत फिरली, आणि दर वर्षी ते भोक थोडं थोडं मोठं होत गेलं.

रजा मात्र त्याने कधी घेतली नाही, आणि त्याचं कारण गर्व नव्हतं, भीती होती. मोठ्या लढाईच्या काळात, बेचाळीस साली, सतरा वर्षांचा असताना तो कारखान्यात लागला. तेव्हा माणसं कमी पडत होती, साहेब लोक पाठीवर हात ठेवून बोलत. लढाई संपली आणि एका सकाळी फाटकावर यादी लागली. यादीत त्याचं नाव होतं, आणखी कितीतरी लोकांची होती. त्यानंतर चार वर्षं त्याने मालधक्क्यावर पोती उचलली. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्याने मनाशी ठरवलं की आपलं नाव कोणाच्या ध्यानात येईल असं काही करायचं नाही. रजा नाही, उशीर नाही, दवाखान्याची चिठ्ठी नाही. बासष्ट गेली, पासष्ट गेली. लढाया सरहद्दीवर झाल्या, पाय इथे सुजले, आणि वर्तमानपत्रात पायांचं कोणी काही छापलं नाही.

अशा माणसाच्या नशिबी पेन्शनर आला.

पेन्शनर म्हणजे कुत्रा. मळकट पिवळा, एक कान दुमडलेला, वय कोणाला ठाऊक नाही. कारखान्याचं आवार मैलोगणती, अर्धं जंगलच. कुंपणाखालून कोल्हे येत, रानडुकरं येत, कुत्र्याला कोण अडवणार. तो एका उन्हाळ्यात आला आणि अकरा नंबरच्या ओसरीत झोपला, तो झोपलाच. काम ना धाम, दिवसभर आडवा, म्हणून पोरांनी त्याचं नाव पेन्शनर ठेवलं. खिळ्यांच्या तळव्याचे मिलिटरीचे जुने बूट अच्युतने सदर बाजारातून घेतले होते आणि त्यांना तो रोज तेल चोळी. त्या तेलाचा वास म्हणा की चामड्याचा मऊपणा, अच्युतने बूट काढून फळीखाली ठेवले की पेन्शनर उठून येई, त्यांच्यावर हनुवटी टेकवी आणि डोळे मिटी. ते बूट म्हणजे त्याची उशी.

अच्युतला हे आवडत नसे. तो पायाने त्याला सरकवी. पेन्शनर सरके, थांबे, आणि अच्युत आत गेला की परत उशीवर येई. भांडत नसे, रुसतही नसे.

अकरा नंबरमध्ये गणपत नावाचा एक भरणारा होता, अच्युतपेक्षा दहा वर्षांनी लहान, जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "दादा, या आवारात एकच शहाणा कामगार आहे. ऊन सरकलं की जागा बदलते, पोट भरलं की उरलेली पोळी तशीच सोडते. अन् आपण पाहा."

"आपण पोळी कमावून खातो," अच्युत म्हणायचा. "त्याला फुकट मिळते."

पण पट्टीवर बसलेल्या माणसाला पायांशिवाय पाहायला काही नसतं, आणि पेन्शनरला चार पाय होते. नकळत अच्युत त्याला पाहत राही. उठताना तो आधी पुढचे पाय ताणी, मग कंबर ताणी, मग मागचा एकेक पाय हवेत लांबवी. कोणी काठी घेऊन अंगावर येत असलं तरी हा कार्यक्रम पुरा झाल्याशिवाय तो जागचा हलत नसे. एकदा त्याच्या पंजात बाभळीचा काटा रुतला. त्याने तो पाय सरळ वर उचलला आणि पाच दिवस तीन पायांवर हिंडला, सगळ्या कामगारांच्या देखत, लंगडत, लाज नाही. सहाव्या दिवशी पाय टेकवला. अच्युतला त्या पाच दिवसांत त्याचा विनाकारण राग येत होता. त्याच्या स्वतःच्या उजव्या पायावरून त्या पावसाळ्यात दारूच्या पेट्यांची हातगाडी गेली होती. घोटा तेव्हापासून सुजलेलाच होता. तो मात्र कोणाला दिसू नये म्हणून दात चावून दोन्ही पाय सारखे टाकीत चालायचा.

एकाहत्तरचा ऑक्टोबर आला आणि कामाचे तास वाढले. आधी दहा, मग बारा. रविवारची सुट्टी बंद झाली. डिसेंबरच्या तीन तारखेला लढाई लागली. घरांच्या काचांवर काळे कागद चढले, आणि कारखान्यात भिंतीवर घोषणा रंगवल्या गेल्या की तुमचं प्रत्येक मिनिट जवानाच्या कामी येतं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याच्यापुढे कोणाला बोलता येत नव्हतं. गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरून अच्युत पहाटे सायकल काढी, सहाला फाटकावर झडती देई, काडीपेटी नाही, विडी नाही, किल्ली नाही, आणि संध्याकाळी सहाला तीच सायकल हातात धरून परते, कारण पायडल मारायला घोटा तयार नसे. बायकोला त्याने सांगितलं की चेन खराब आहे.

आठ तारखेला, बुधवारी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीनंतर ते झालं.

घंटा व्हायची होती. अच्युत नेहमीप्रमाणे पट्टीवर बसला. एकेकाचे पाय पाहिले, एकेकाला आत सोडलं. गणपत आत गेला. आता आपले बूट काढायचे, म्हणून तो वाकला, दोन्ही नाड्या सोडल्या. सुजलेल्या पायातून बूट ओढायचा म्हणजे कळ येणार, म्हणून क्षणभर थांबला. पेन्शनर आला, आणि बूट पायातच असताना त्यांच्यावर हनुवटी टेकवून झोपला. त्या हनुवटीची ऊब नाडीच्या भोकांतून आत उतरली. अच्युतने त्याला सरकवलं नाही. सरकवायलाही जोर लागतो. त्याचे डोळे मिटले.

किती वेळ? अर्धं मिनिट, फार तर एक. घंटा वाजली आणि एकोणीस वर्षांच्या सवयीने त्याचे पाय आपोआप उचलले गेले, फळीवरून पलीकडे गेले, आणि तो उभा राहून चालू लागला. नाड्या सोडल्याचं त्याला आठवत होतं, म्हणजे बूट काढलेच असणार. सगळ्यांचे पाय तपासणाऱ्याचे पाय तपासायला तिथे कोणी नव्हतं.

पेन्शनरची उशी चालायला लागली. त्याने, नवल म्हणजे, आळस न देताच उठून फळीखालून अंग काढलं आणि तो उशीच्या मागे मागे आत आला. इतक्या वर्षांत त्याने ती पट्टी कधी ओलांडली नव्हती.

आत कोणीतरी ओरडलं, "कुत्ता अंदर!" सगळे थिजले. गणपत सर्वांत जवळ होता. त्याने झेप घालून कुत्र्याला पोटाशी उचललं, फळीकडे वळला, आणि अच्युतच्या बाजूने जाताना त्याची नजर खाली गेली. ओठ न हलवता तो म्हणाला, "दादा, पाय."

अच्युतने खाली पाहिलं. खिळ्यांचे बूट, नाड्या सुटलेल्या, दारूच्या इमारतीच्या आत चार पावलं. त्या चार पावलांच्या परतीच्या वाटेला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कशाला लागला नव्हता. बूट टेकवायचे की काढायचे हेही सुचेना. त्याने तिथल्या तिथे एकेक पाय बुटातून वर उपसला, बूट हातात उचलून छातीशी धरले आणि मोज्यांवर उलटा आला. पलीकडच्या टोकाकडून देखरेखीचे चार्जमन दुबे धावत येईपर्यंत बूट फळीखाली होते आणि गणपत ओसरीत कुत्रा धरून उभा होता. दुबेंना फक्त कुत्रा दिसला.

फरशी पाण्याने धुतली. दोन तास अकरा नंबर बंद राहिली. ऐन लढाईत दोन तास, म्हणजे वरून विचारणा होणारच.

गुरुवारी सकाळी दुबे टाइप केलेला कागद घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं होतं. कागदात लिहिलं होतं की भटका कुत्रा लाल पट्टी ओलांडून आत शिरल्यामुळे काम थांबवावं लागलं. कामगारांचा दोष नाही. शनिवारपर्यंत आवारातली सगळी कुत्री मारून टाकावीत. खाली पट्टीवाल्याची सही हवी होती. सुरक्षावाल्यांनी छावणीतून गोळ्या घालणारी माणसं मागवलीसुद्धा होती. दुबे म्हणाले, घाई नाही, उद्या सकाळी सही करून द्या. त्यांना वाटलं, खानझोडेला वाचायला वेळ लागतो.

दुपारी गणपत त्याच्या शेजारी येऊन बसला. त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता आणि काढणारही नव्हता, हे त्याने आधीच सांगून टाकलं. बूट आत गेले हे कळलं तर नुसती पट्टी जाणार नाही, लढाईच्या दिवसांत याला काय काय नावं देतील याचा नेम नाही, हेही सांगितलं.

"करून टाका सही," तो शेवटी म्हणाला. "कुत्राच तो."

ओसरीत पेन्शनर बुटांवर हनुवटी ठेवून पडला होता. काल आपण काय केलं, उद्या आपलं काय होणार, त्याला पत्ता नाही. अच्युत त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याला कुत्र्याची दया आली नाही. हेवा वाटला, एवढंच.

संध्याकाळी घरी त्याची बायको विनता पोळ्या करत होती. अच्युत पाटावर बसताना भिंतीला धरून बसला, आणि विनताने ते पाहिलं. तिने तवा खाली उतरवला आणि त्याचा पायजमा घोट्याच्या वर केला. घोटा वांग्यासारखा झाला होता, रंगानेही.

"काहून लपवून राहिले तुम्ही?" ती म्हणाली. "कोणापासून? माझ्यापासून?"

तिने मिठाचं गरम पाणी केलं. पाय पाण्यात असताना त्याने तिला सगळं सांगितलं, बुटांपासून कागदापर्यंत. ती रडली नाही, रागावलीही नाही. इतकंच म्हणाली की दोन महिन्यांपासून तुम्ही जेवता जेवता झोपता, परवा तर घास हातात होता, मी तो काढून घेतला अन् तुम्हाला कळलं नाही. सही करा की नको करा, ते तिने त्याच्यावर सोडलं. "पण ते कुत्रं झोपलं म्हणून काही झालं नाही," ती पाणी हलवत म्हणाली. "तुम्ही झोपला नाही म्हणून झालं."

शुक्रवारी अच्युतने सायकल काढलीच नाही. कारखान्याच्या वाटेवरच्या राँझीकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या टांग्यात मागे बसून तो कारखान्यावर आला, आणि फाटकापासून अकरा नंबरपर्यंत उघडउघड लंगडत गेला. वाटेत लोकांनी विचारलं काय झालं. त्याने सांगितलं, पाय दुखतो. इतकं सोपं वाक्य होतं ते.

दुबे कागद घेऊन उभे होते. अच्युतने कागद घेतला नाही.

"दुबेजी, कुत्ता मेरे पीछे आया था. मेरे पाँव में बूट थे. वो लिखो."

दुबेंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खानझोडेजी, उन्नीस साल की पट्टी है आपकी. एक आवारा कुत्ते के लिए?"

"कुत्ते की बात आपने लिखी है, मैं तो अपनी लिखवा रहा हूँ. मैं बैठे-बैठे सो गया था. दो महीने से बारह घंटे चल रहे हैं, इतवार भी. ये भी लिखो."

"ये नहीं लिख सकता. लड़ाई चल रही है, भैया."

"मालूम है. पर पाँव चलता नहीं, आज टाँगे में आया हूँ."

दुबे चिडले. त्यांनी समजावलं, घाबरवलं, मुलाबाळांची आठवण करून दिली. दुबेंचं म्हणणं चूक नव्हतं. बूट आत गेले असं लिहिलं तर त्यांच्याही नावापुढे लाल रेघ येणार होती. पण अच्युत जिद्दीला पेटला असता तर त्याला वळवता आलं असतं. तो पेटलेला नव्हताच. तो थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाने खोटं उचलून धरायला लागणारी ताकद कुठून आणायची. त्याने आपल्या हाताने, मोडक्या हिंदीत चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. झोप हा शब्द त्याने दोनदा लिहिला.

कागद वर गेला. तिथे दोन दिवस बसून राहिला, कारण तो कोणाला नको होता, आणि तोवर गोळ्या घालणारी माणसंही थांबून राहिली. बूट कबूल करावेत तर झोप कबूल करावी लागत होती, आणि झोप कबूल करावी तर तासांचा प्रश्न निघत होता. शेवटी साहेबांनी मधला रस्ता काढला. कुत्र्यांना मारायचा हुकूम फाइलीत बंद झाला आणि पट्टीच्या फळीखाली तारेची जाळी ठोकली. खानझोडेला ताकीद मिळाली, पगाराची एक वाढ रोखली गेली आणि पट्टीवरून काढून रिकाम्या पेट्यांच्या आवारात धाडलं. नोकरी राहिली. सही असलेला तो कागद पुढे कोणाला दिसला नाही. दारू भरणाऱ्या इमारतींत मात्र त्या आठवड्यापासून दुपारची सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढली. का वाढली ते कोणी सांगितलं नाही आणि अच्युतचं नाव कोणी घेतलं नाही.

सोळा तारखेला भोंगा खूप वेळ वाजला. लढाई जिंकली होती. लोक नाचले, पेढे वाटले. अच्युत त्या वेळी पेट्यांवर नंबर रंगवत होता. त्याने पेढा खाल्ला आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

पट्टीवर आता गणपत बसू लागला. महिन्याभराने काही कामासाठी अच्युतला अकरा नंबरवरून जावं लागलं. काठी हातात होती, दवाखान्याने दिलेली. ओसरीत पेन्शनर होता. गणपतच्या टायरच्या चपलांवर हनुवटी टेकवून तो गाढ पडला होता, जसा काही जन्मल्यापासून हीच उशी. अच्युत उभा राहिला. याच्यासाठी आपण पट्टी घालवली, असं त्याने कधी म्हटलं नव्हतं, पण आतून काहीतरी अपेक्षा असावी, कारण त्याला लागलं. पेन्शनरने एक डोळा उघडला, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, आणि डोळा मिटला.

"नमकहराम," अच्युत म्हणाला.

"दादा, तुम्हाला ओळखलं त्यानं," गणपत पट्टीवरून म्हणाला. "पण उठायचं कशाला?"

अच्युतला हसू आलं, मग ते थांबेना, काठीवर भार देऊन तो हसत राहिला. गणपतही हसला, पण त्याचं लक्ष आत शिरणाऱ्या एका पोराच्या पायांकडे होतं, जसं असायला हवं तसं.

पेट्यांच्या आवारात दुपारी ऊन तिरपं येतं. सुट्टी झाल्यावर बाकीचे पत्ते खेळायला बसले. अच्युतने उन्हाचा एक तुकडा पाहिला, तिथे एक रिकामं पोतं टाकलं, बूट काढून डोक्याखाली घेतले आणि आडवा झाला. लाकडाचा आणि रंगाचा वास येत होता. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात दिवसाउजेडी, लोकांच्या देखत, तो पहिल्यांदा झोपला.

घंटा झाली. मुकादमाने लांबून हाक मारली, "खानझोडे, चलो." अच्युतने डोळे उघडले. त्याने आधी दोन्ही हात पुढे ताणले, मग कंबर ताणली, मग दुखऱ्या पायाची बोटं एकेक करून हलवली. मुकादमाने दुसरी हाक मारली. दुसरा पाय ताणायचा राहिला होता, तो त्याने ताणला, आणि मग उठला.